ठुमकीच्या पायाखालची फळी

ट्रेलरच्या तळाला पडलेलं भोक बरोबर घोडीच्या खुराएवढं होतं. मी गुडघे टेकून त्यातून खाली पाहिलं. जमीन दिसली, जमिनीवर मुंग्यांची एक रांग दिसली. भोकाच्या कडेला ठुमकीचे चार केस अडकले होते.

"बघून झालं असेल तर उतर खाली, दादा," माझी धाकटी बहीण म्हणाली. "बघून भोक बुजत नसतं."

ठुमकी ही तिची घोडी. वय बावीस, रंग चहासारखा. शिंगरू असल्यापासून पाय ठुमकत टाकायची म्हणून ते नाव पडलं. बहिणीने तीस वर्षं मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं ठुमकीच्या पाठीवर. आता शिकवणीही नाही आणि मुलंही नाहीत. एका अंगणात दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर डाफरत राहतात.

ठुमकीचा एक डोळा गेल्या वर्षीच गेला. दुसऱ्याच्या आत पाणी तुंबून दाब वाढत होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, की ऑपरेशन मोठ्या दवाखान्यातच होईल. तिथे डोळ्यांचे सर्जन महिन्यातून एकदा येतात, आणि येत्या बुधवारी येणार आहेत. पुढच्या महिन्यापर्यंत हा डोळा थांबायचा नाही. दवाखाना गाडीने चार तासांवर. भाड्याचे ट्रक उंच. त्यांच्या मागे खाली सोडलेल्या फाळक्यावरून ठुमकी चढायची नाही, हे आम्ही एकदा अनुभवलं होतं. चढली तर ती आपल्या या बुटक्या ट्रेलरमध्येच. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी बहिणीने तिला सरावासाठी चढवून पाहिलं, आणि मागचा पाय फळीतून खाली गेला. नशिबाने हाड वाचलं. खरचटलं तेवढंच.

हे सगळं मला रविवारी सकाळी कळलं. म्हणजे हातात दोन दिवस.

मी आयुष्यभर गाड्यांचे हौदे बांधले. हा ट्रेलरही बारा वर्षांपूर्वी मीच बांधून दिलेला. मी पटाशी लावून एकेक फळी उचकटायला घेतली. फळ्या वरून काळ्याभोर, बोट फिरवलं तर गुळगुळीत. उलट्या केल्या की चहात बुडवलेला टोस्ट. बोट रुतत होतं.

"लाकूडच नासकं निघालं," मी म्हणालो.

"हेच लाकूड तू मला एक नंबर म्हणून दिलं होतंस."

"तेव्हा ते एक नंबरच होतं. आणि मी काय त्याला असंच सोडलं का? दरवर्षी न चुकता गाडीचं जळकं ऑइल पाजलंय."

 तिने कुजकी फळी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "हे बघ. मला स्वस्तातलं लाकूड पाहिजे, कारण ऑपरेशनला जे होतं ते काढून ठेवलंय. पण तिच्या पायाखाली मला स्वस्त नको. आता यातून काय ते तू काढ."

मोजमाप कागदावर लिहायची सवय मला फार उशिरा लागली. त्याआधी मी सुतळीला गाठी मारायचो. अजूनही कागदावर लिहितो आणि खिशात गाठींची सुतळीही ठेवतो. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, खाली दर दीड फुटावर लोखंडी अँगल. एवढं घेऊन सोमवारी सकाळी आम्ही वखारीत गेलो.

वखारवाल्याला आम्ही सगळे इंचभर म्हणतो. त्याच्याकडे काहीही मागा, ते त्याच्याकडे असतं, फक्त इंचभर कमी किंवा इंचभर जास्त. "या मिस्त्री," तो म्हणाला. "या ताई. काय पाहिजे? सगळं आहे."

"आधी साग दाखव," मी म्हणालो. घ्यायचा नव्हताच. पण सुरुवात सागापासून केली की पुढचं सगळं स्वस्त वाटतं.

बहिणीने सागाच्या फळीवरून हात फिरवला, भाव विचारला आणि तव्याचा चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

मग इंचभरने निलगिरी दाखवली. जड, मजबूत आणि खिशाला झेपणारी. मी फळीचं टोक नाकाजवळ नेलं, जीभ लावली.

"काय मिस्त्री, मीठ बरोबर आहे का?" इंचभर म्हणाला.

"ओली आहे रे. अजून झाडच आहे ही. आज सरळ दिसतेय, महिन्याभरात धनुष्य होईल."

"मग बाण मी फुकट देतो."

तिसरं पाइन. खोक्यांचं लाकूड, हलकं, पांढरं, वासाला छान. नखाने दाबलं तर खड्डा पडला. चौथं प्लायवुड. दिसायला एकदम नवरदेव. पण त्याच्या कडेने एकदा पाणी आत शिरलं की भिजलेल्या वहीसारखं पान पान सुटतं, आणि घोडी काय ट्रेलरमध्ये दवाखाना येईपर्यंत आवरून धरणार आहे? पाचवा लोखंडी पत्रा. त्याच्यावर बहिणीनेच फुली मारली. "नालाखाली लोखंड म्हणजे घसरगुंडी. शिवाय आवाज. तिला आता दिसत नाही, म्हणून ती सगळं ऐकते."

हे वाक्य मला लागून राहिलं. ती सगळं ऐकते. मी इतकी वर्षं लाकूड ठोकून, चाखून, वास घेऊन निवडलं. पण ज्याला त्यावर उभं राहायचंय तो काय ऐकतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वखारीच्या मागे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, परांचीच्या फळ्यांचा ढीग होता. इमारतीला गिलावा करताना बाहेरून बांबू बांधतात आणि त्यावर गवंडी उभे राहतात, त्या फळ्या. सिमेंटने पांढऱ्या झालेल्या, टोकं फाटलेली, जागोजागी निळ्या-पिवळ्या रंगाचे ओघळ.

"त्या सरपणाच्या," इंचभर म्हणाला. "ठेकेदाराने फेकल्या. टोकं फाटली की ते वापरत नाहीत."

"आणि मध्ये?"

"मध्ये कोण बघतंय?"

मी एक ओढून काढली. पुरती दीड इंच जाड. टोकाला ठोकलं तर फुटक्या मडक्याचा आवाज. एक हात आत सरकून ठोकलं, तर खणखणीत. दोन विटांवर ठेवून मी तिच्यावर उभा राहिलो, मग बहिणीला बोलावलं, मग इंचभरलाही. तिघं उभे राहिलो, तेव्हा फळी जेमतेम जांभई दिल्याइतकी वाकली.

"तेरा फुटी आहेत," मी म्हणालो. "दोन्हीकडून दोन-दोन फूट कापून टाकले तरी नऊ फूट उरतात. वर्षानुवर्षं माणसं यांच्यावर जीव टाकून उभी होती. घोडीला का नाही पेलणार?"

"माणसाला दोन पाय असतात," बहीण म्हणाली.

"घोडीला चार. वजन वाटलं जातं."

"तिचं वजन किती गवंड्यांएवढं आहे, ठाऊक आहे का? आणि मागच्या वेळीही तू असंच काहीतरी म्हणाला होतास." मग ती इंचभरकडे वळली. "आम्हाला निलगिरी, पाइन आणि ही, तिन्हींची एकेक फळी दे. संध्याकाळपर्यंत. तिला विचारून सांगते."

"कुणाला?"

"घोडीला."

इंचभरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, बायकोला विचारून सांगतो म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. पण हे..." तो फळ्या काढून द्यायला लागला. "उत्तर काय देते ते मला पण सांगा."

दुपारी अंगणात तिन्ही फळ्या ओळीने विटांवर मांडल्या. इंचभरही आला होता. वखार बंद करून आला, यावरून त्याची उत्सुकता समजावी. बहिणीने ठुमकीला हळूहळू आणलं. घोडी मान खाली घालून, कान पुढे करून चालत होती.

पाइनजवळ आल्यावर तिने पुढचा उजवा पाय ठेवला. फळी लवली. तिने पाय असा उचलला, जणू दुसऱ्याच्या ताटात पडला होता.

निलगिरीवर पाय ठेवला, दाबला, पण रंधा मारलेल्या फळीवर नाल सरकला. ठुमकी फुरफुरली आणि बाजूने निघून गेली.

परांचीच्या फळीपाशी ती थांबली. नाक लावलं. सिमेंटचे पोपडे हुंगले. मग पाय ठेवला आणि उचलला, ठेवला आणि उचलला. टक. टक. मी सुतारकाम करताना ठोकतो तसंच. आम्ही तिघं बघत होतो. मग तिने दुसरा पाय ठेवला, सगळा भार पुढे घेतला आणि पुढचे दोन्ही पाय फळीवर रोवून निवांत बहिणीचा खिसा चाचपायला लागली.

"मिस्त्री," इंचभर हळूच म्हणाला, "हिला वखारीत नोकरी देतो मी."

त्याच संध्याकाळी सहा फळ्या आल्या, त्याही सरपणाच्या भावात. मी टोकं कापली, खिळे उपसले, करंगळी जाईल एवढी फट ठेवून सहाही फळ्या अँगलवर बसवल्या. फट घोडीचं मूत निघून जावं म्हणून. बोल्टची डोकी खळगी पाडून बुडवली. फळ्यांवरचं सिमेंट ब्रशने खरवडलं, पण खरखरीतपणा मुद्दाम राहू दिला. मग नेहमीप्रमाणे डब्यात जळकं ऑइल घेतलं, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि उभ्याउभ्या दोन हात मारले. तळ काळाभोर झाला. नवा दिसायला लागला. मी खूश होऊन घरी गेलो.

मंगळवारी सकाळी ऑइल मुरलं होतं. बोटाला लागत नव्हतं. फाळका खाली सोडला आणि बहिणीने ठुमकीला आणलं. फाळक्यावर दोन पावलं चढली. मान लांब करून आतल्या फळ्यांना नाक लावलं.

आणि ती मागे आली. सरळ, घाईने, बहिणीला ओढत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. कातडी थरथरत होती.

"अगं बये, काल तूच तर पसंत केलंस!" मी म्हणालो.

दुसऱ्यांदा आणलं. तेच. तिसऱ्यांदा तर फाळक्यापर्यंतही नाही.

बहिणीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती एरवी रागावते, टोमणे मारते, पण घाबरलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे. "उद्या सकाळी निघायचंय, दादा," एवढंच म्हणाली.

मी पायरीवर बसलो. फळी तीच. काल आवडली, आज नाही. मग बदललं काय? मला आवाजाचा संशय आला. काल फळीखाली विटा होत्या, जमीन होती. आज खाली पोकळी आहे, आवाज घुमत असणार. आम्ही तळाखाली गवताच्या पेंढ्या कोंबल्या. पाय आपटून पाहिला, आवाज दबला होता. ठुमकी आली, नाक लावलं, परत गेली.

मग उताराचा संशय. फाळक्याखाली माती टाकून चढ कमी केला. घोडी आली, नाक लावलं, परत गेली.

"प्रत्येक वेळी नाक लावून जाते," बहीण म्हणाली.

हो की. पाय ठेवून जात नाही. नाक लावून जाते. पायाला उत्तर द्यायची संधीच मिळत नाहीये.

मी उठलो. काल कापलेल्या टोकांपैकी एक कोरा तुकडा घेतला आणि ठुमकीच्या नाकाशी धरला. तिने हुंगला, ओठाने चाळवला. मग मी ऑइलचा डबा पुसायचं फडकं खिशातून काढलं आणि दुसऱ्या हातात धरून पुढे केलं. फडकं तिच्यापासून अजून हातभर दूर होतं, तेवढ्यात तिचे कान मागे गेले आणि ती झटक्यात बाजूला झाली. ती भिंतीच्या दिशेने सरकली, तिथे कुजक्या जुन्या फळ्या टेकवलेल्या होत्या. त्यांच्याजवळ येताच तिथूनही उडी मारून निघाली.

मी फडकं खिशात घातलं. मग काढून लांब फेकून दिलं.

आठ दिवसांपूर्वी याच वासाची जमीन तिच्या पायाखालून गेली होती. तिला ना लाकूड दिसत होतं, ना माझी कारागिरी. तिच्यापुरतं ते तेच भोक होतं.

"ऑइल," मी म्हणालो.

"मग पूस."

"मुरलंय. पुसून जात नाही. रंधा मारावा तर गुळगुळीत होईल, आणि गुळगुळीत तिला चालत नाही."

"दुसरी बाजू?"

मी हातातला कोरा तुकडा उलटा केला.

"दादा, खालच्या बाजूला लावलंयस का ऑइल?"

"नाही."

"का?"

आता काय सांगणार? खाली लावायचं तर फळ्या बसवण्याआधी लावावं लागतं. नाहीतर उताणं झोपून, तोंडावर थेंब झेलत. उभ्याउभ्या होत नाही. आणि गिऱ्हाईक बघतं ते वरून. चाळीस वर्षं मी वरूनच तेल दिलं, आणि माझी प्रत्येक गाडी दारातून निघताना नव्यासारखी चमकली. चिखल, पाणी, ओल सगळी लागते ती खालून, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण काल वखारीत इंचभर जे म्हणाला होता, तेच मी मनातल्या मनात चाळीस वर्षं म्हणत होतो. कोण बघतंय?

"जुन्या फळ्याही मी वरूनच रंगवत होतो," मी म्हणालो. "बारा वर्षं. लाकूड नासकं नव्हतं. वरून काळं असायचं म्हणून खालचं कुजणं ना तुला दिसलं, ना मला. तिचा पाय फळीतून खाली गेला तो माझ्यामुळे."

मला वाटलं, आता ही तोंडाचा पट्टा सोडणार. ती ठुमकीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला माहीत होतं तू खाली वाकत नाहीस ते," ती म्हणाली. "दरवर्षी बघत होते. मला वाटायचं तुझी कंबर दुखत असेल. म्हातारपणी कशाला बोलून दाखवायचं, म्हणून नाही बोलले."

"कंबर दुखत नव्हती गं."

"मग आता दुखव. पाना कुठाय?"

आम्ही सहाही फळ्या सोडल्या. बोल्टची भोकं मी दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर पाडली होती, तेवढं एक काम मी धड केलं होतं. त्यामुळे फळ्या उलट्या केल्या तरी भोकं जुळली. पेंढ्या ओढून काढल्या. फळ्यांच्या कडांवर ऑइलचे ओघळ आले होते. बहिणीने ते साबणाच्या पाण्याने आणि राखेने घासून काढले, नखं काळी होईपर्यंत. मी नव्या बाजूने बोल्टसाठी खळगी पाडली. काळी बाजू रस्त्याकडे गेली, कोरी बाजू घोडीकडे आली. जे करायला हवं होतं ते बरोबर तसंच झालं होतं, फक्त माझ्या अकलेने नाही.

काय झालं ते बघायला इंचभर आला होता. सगळं ऐकून जुन्या फळ्या तो गाडीत घालून घेऊन गेला. "सरपण म्हणून घेतो," म्हणाला. मग थांबून म्हणाला, "खालून बघून घेतो."

शेवटी बहिणीने ठुमकीच्या तबेल्यातला जुना भुसा पाटीभर आणला आणि फळ्यांवर पसरला. तिचा स्वतःचा वास. तरी खालून ऑइलचा थोडा दर्प येतच होता, माझ्या नाकालाही येत होता. त्यामुळे आता जमेलच असं कुणी म्हटलं नाही.

दुपार कलली होती. ठुमकी फाळक्यावर चढली. नाक खाली गेलं. भुसा हुंगला, तो उडवून खालची फळी हुंगली. कान मागे गेले. बहिणीने दोर सैल सोडला. 

घोडीने बराच वेळ श्वास घेतला आणि सोडला. मग पुढचा उजवा पाय फळीवर ठेवला. उचलला. ठेवला.

टक. टक.

मग डावा. मग मागचे दोन्ही, खरचटलेला सगळ्यात शेवटी. तो पाय तिने कितीतरी वेळ अर्धवट उचलून धरला होता. टेकल्यावर फळी जराही कुरकुरली नाही. ठुमकीने बहिणीच्या खिशातला गाजराचा तुकडा शोधून काढला.

बुधवारी सकाळी निघालो. गाडी बहीण चालवत होती. मी शेजारी बसून चार तास मागचा आवाज ऐकत होतो. ट्रेलरच्या खडखडाटात मधूनच पाय बदलल्याची टक ऐकू यायची, आणि ऐकू आली की बहीण म्हणायची, "आहे."

ऑपरेशनला दुपार लागली. सर्जन बाहेर आले, हातमोजे काढत म्हणाले, की दाब उतरलाय. पूर्वीसारखं दिसणार नाही, पण उजेड आणि आकार तिला कळतील. मग त्यांनी विचारलं, "इतकी वयस्कर घोडी एवढी शांत कशी आली? बाकीची घाबरून घामाने भिजून येतात."

"फळ्या तिनेच पसंत केल्यात," बहीण म्हणाली. सर्जनना ते काही कळलं नाही, आणि आम्हीही समजावत बसलो नाही.

संध्याकाळी परत निघायच्या आधी ठुमकी डोळ्यावर पट्टी बांधून ट्रेलरमध्ये उभी होती. मी आवारात सतरंजी पसरली आणि उताणा होऊन ट्रेलरखाली सरकलो. चार तासांचा चिखल फळ्यांना लागला होता, पण ऑइलवर नुसता बसला होता, आत शिरला नव्हता. बोटाने पुसला तर खाली काळं, कोरडं. फटीतून वर पाहिलं तर नाल दिसला, त्याच्या शेजारी भुशाची एक काडी. नाल हलला, काडी माझ्या तोंडावर पडली.

"काय करतोयस रे खाली?" बहिणीचा आवाज आला. "कंबर धरेल ना!"

"धरू दे," मी म्हणालो आणि पुढच्या फळीखाली सरकलो. अजून पाच बघायच्या होत्या.